मराठी पुस्तकाची मांडणी आणि आपोआप पडणारे क्रमांक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पृष्ठांक, प्रकरणांचे क्रमांक, तळटीपा, आकृत्या, अनुक्रमणिका ही पुस्तकातली सगळी मोजदाद इनडिझाइन या पानं लावण्याच्या सॉफ्टवेअरकडे सोपवता येते. सोपवली नाही, तर शेवटच्या प्रुफाच्या वेळी ती आपल्याच अंगावर येते. खालचे प्रश्न मराठी पुस्तकं, दिवाळी अंक, स्मरणिका आणि प्रबंध लावणाऱ्यांचे आहेत. मेन्यूंची नावं इंग्रजी इंटरफेसमधली आहेत, उच्चाराप्रमाणे लिहिलेली. अलीकडच्या आवृत्त्यांत 'मास्टर पेज'ला, म्हणजे अनेक पानांना एकदम लागू होणाऱ्या साचा-पानाला, 'पेरेंट पेज' म्हणतात. इथे मास्टर हाच शब्द ठेवला आहे, कारण प्रेसमध्ये अजून सगळे तेच म्हणतात.

पृष्ठांक प्रत्येक पानावर हाताने टाइप केले आहेत. पुस्तक जवळजवळ तयार आहे. तरी बदलायचे का?

बदलाच. लेखकाला ऐन वेळी दोन पानांची भर सुचते, प्रकाशकाला ऋणनिर्देश आठवतो, आणि मग पुढचे दीडशे आकडे खोडून पुन्हा टाइप करावे लागतात. त्यातला एखादा सुटतोच. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. अनुक्रमणिका, सूची, 'पृष्ठ अमुक पाहा' असे संदर्भ हे सगळं सॉफ्टवेअर स्वतःच्या मोजणीवरून काढतं. तुम्ही टाइप केलेला आकडा त्याच्या लेखी नुसता मजकूर असतो. कागदावर ४७ आणि अनुक्रमणिकेत ५५ असं होतं ते यामुळेच.

मग आपोआप पृष्ठांक टाकायचा कसा? मी टाकला तर आकड्याऐवजी इंग्रजी 'ए' दिसतो.

तो 'ए' दिसतो म्हणजे तुमचं बरोबर झालं आहे. पेजेस पॅनेलमध्ये ए-मास्टर उघडा, जिथे पृष्ठांक हवा तिथे टेक्स्ट फ्रेम काढा, टाइप मेन्यूतून इन्सर्ट स्पेशल कॅरॅक्टर, मग मार्कर्स, मग करंट पेज नंबर निवडा. कीबोर्डवरून कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि एन. मास्टरवर मास्टरचं अक्षर दिसतं, प्रत्यक्ष पानावर आकडा. समोरासमोरची पानं असतील तर डाव्या आणि उजव्या दोन्ही मास्टरवर फ्रेम हवी. एकाच बाजूला टाकून 'सम पानांवर आकडा येत नाही' अशी तक्रार बरेच जण करतात.

फ्रेम थोडी मोठी ठेवा. एका आकड्यापुरती फ्रेम शंभराव्या पानावर अपुरी पडते आणि पृष्ठांक नाहीसा होतो.

आकडे इंग्रजी येतात. देवनागरी कसे आणायचे?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. कारण साधं आहे. इनडिझाइन मोजणी आतल्या आत करतं आणि ती दाखवताना साधे इंग्रजी अंक वापरतं. नंबरिंग स्टाइलच्या यादीत रोमन आहे, इंग्रजी अक्षरं आहेत, पुढे शून्य लावलेले आकडे आहेत, पण १, २, ३ नाही. पान युनिकोड देवनागरी फॉन्टमध्ये असलं तरी त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अंकांची वेगळी चित्रं असतात, म्हणून तीच उमटतात.

जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टांची सवय असलेल्यांना हे खटकतं, कारण त्यातल्या अनेक फॉन्टांत इंग्रजी अंकाच्या जागीच देवनागरी अंकाचं चित्र बसवलेलं असायचं. पृष्ठांक आपोआप मराठीत यायचा, पण ती सोय फॉन्टची होती, सॉफ्टवेअरची नव्हती.

आज दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे 'डिजिट्स' हा गुणधर्म. अरबी-हिब्रूसारख्या लिपींची अवजारं दाखवणाऱ्या आवृत्तीत तो अक्षरांच्या मांडणीतच सापडतो. साध्या इंग्रजी आवृत्तीत मेन्यूत दिसत नाही, पण आत असतो आणि छोट्या स्क्रिप्टने (आज्ञांच्या फाइलने) कॅरॅक्टर स्टाइलला, म्हणजे निवडक अक्षरांसाठी जपून ठेवलेल्या सजावटीला, लावता येतो. यादीत 'हिंदी' दिसलं म्हणून ते निवडू नका. तिथे हिंदी म्हणजे अरबी लिखाणातले अंक. आपल्याला हवा तो पर्याय 'देवनागरी' या नावाने खाली वेगळा आहे. असे अंक फक्त दिसायला बदलतात, मोजणी तशीच राहते.

दुसरा रस्ता फॉन्टचा. 'मुक्ता'सारखे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळतात. त्या परवान्यात फॉन्ट बदलून वापरायला मुभा आहे. मूळ फॉन्टचं नाव राखीव असेल तर बदललेल्या फॉन्टला दुसरं नाव द्यायचं, एवढी अट. फॉन्टफोर्ज या फॉन्ट बदलण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तो उघडून ० ते ९ ची देवनागरी चित्रं इंग्रजी अंकांच्या जागी नेऊन ठेवायची, नवं नाव द्यायचं आणि एक 'अंक' नावाची कॅरॅक्टर स्टाइल करून तिला हा फॉन्ट लावायचा. ज्याला फॉन्टफोर्ज येतं त्याला अर्ध्या तासाचं काम, आणि नंतर प्रत्येक पुस्तकात उपयोगी. पृष्ठांक, तळटीप, क्रमवार यादी, अनुक्रमणिका सगळीकडे ही एकच स्टाइल चालते.

या युक्तीची किंमतही आहे. पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर अंक इंग्रजी निघतात, आणि ई-पुस्तक करताना तो फॉन्ट सोबत गेला नाही तर वाचकाला इंग्रजी अंक दिसतात. म्हणून मूळ मजकुरातले अंक, सालं, रकमा कधीही या फॉन्टने सजवू नका. ते खरे देवनागरी अंकच टाइप केलेले हवेत. युक्ती फक्त सॉफ्टवेअर स्वतः मोजतं तेवढ्यापुरती.

छापायला देण्याआधी सगळे पृष्ठांक मजकुरात बदलून हातानेच मराठी केले तर?

करणारे आहेत. मग दुसरी आवृत्ती निघते तेव्हा फाइल उघडणाऱ्याला शिव्या द्याव्या लागतात.

मनोगत, प्रस्तावना यांना वेगळे क्रमांक आणि पहिल्या प्रकरणापासून १ असं हवं आहे.

पेजेस पॅनेलमध्ये पहिल्या प्रकरणाचं पहिलं पान निवडा, लेआउट मेन्यूतून नंबरिंग अँड सेक्शन ऑप्शन्स उघडा, स्टार्ट सेक्शनवर खूण करा (सेक्शन म्हणजे स्वतंत्र क्रमांकांचा पानांचा गट) आणि स्टार्ट पेज नंबरिंग ॲट समोर १ लिहा. सेक्शन जिथे सुरू होतो त्या पानाच्या चित्रावर छोटा काळा त्रिकोण दिसतो. पुस्तकाच्या अगदी पहिल्या पानालाही असा एक सेक्शन असतो. त्याची शैली रोमन ठेवली की काम झालं.

पण मराठी पुस्तकांत आधीच्या पानांना पुष्कळदा रोमन नसतात. 'पाच', 'सहा', 'सात' असे अक्षरी आकडे असतात, आणि ते सुंदर दिसतात. इनडिझाइनच्या यादीत ते नाहीत. त्यासाठी सेक्शन मार्कर वापरता येतो. आधीच्या पानांसाठी वेगळा मास्टर करा आणि त्यावर करंट पेज नंबरऐवजी मार्कर्समधलाच सेक्शन मार्कर टाका. मग प्रत्येक पानाला स्वतंत्र सेक्शन करून सेक्शन मार्करच्या चौकटीत 'पाच', 'सहा' असं लिहा. दहा-बारा पानांसाठी हे जमतं. पानांची जागा हलवली तरी शब्द त्या त्या पानाबरोबर जातो, हे मात्र लक्षात ठेवा, कारण हलवल्यावर ओळीने तपासावं लागतं. अनुक्रमणिका हा शब्द उचलत नाही, ती आतला आकडाच उचलते. त्यामुळे मनोगत आणि प्रस्तावनेच्या त्या दोन ओळी शेवटी हाताने बदलायच्या. एवढा हात चालेल.

सेक्शन केल्यावर पान १ उजवीकडे उडी मारून गेलं, मध्ये एक पान एकटं पडलं.

समोरासमोरच्या मांडणीत विषम पान उजवीकडे, सम पान डावीकडे हा नियम इनडिझाइन मोडू देत नाही. डावीकडच्या पानाला १ दिला की ते उजवीकडे सरकतं. हा दोष नाही, पुस्तक असंच बांधलं जातं. त्याच्या आधी एक कोरं पान टाका आणि पुढे चला.

अर्धशीर्षक, श्रेयनामावली, अर्पणपत्रिका, कोरी पानं यांवर आकडा नको.

आकडा लपवू नका, पांढऱ्या चौकटीने झाकू नका, पानावरची फ्रेम खोडूनही टाकू नका. पृष्ठांक नसलेला दुसरा मास्टर करा, 'बी-विनाअंक' वगैरे नावाचा, आणि तो त्या पानांवर ओढून टाका. मोजणी आत चालूच राहते. प्रकरणाच्या सुरुवातीच्या पानासाठीही असाच तिसरा मास्टर करता येतो, ज्यावर वरचं शीर्षक नाही पण खाली मध्यभागी आकडा आहे.

प्रकरणाचा क्रमांक, म्हणजे 'प्रकरण १', 'प्रकरण २', हा आपोआप पडतो का?

पडतो, आणि दोन तऱ्हांनी. प्रत्येक प्रकरण वेगळ्या फाइलमध्ये असेल तर नंबरिंग अँड सेक्शन ऑप्शन्समध्ये खाली डॉक्युमेंट चॅप्टर नंबरिंग आहे, आणि टाइप मेन्यूतल्या टेक्स्ट व्हेरिएबल्समधून चॅप्टर नंबर टाकता येतो. एका फाइलला एकच प्रकरण क्रमांक मिळतो, ही त्याची मर्यादा.

सगळं पुस्तक एका फाइलमध्ये असेल तर प्रकरणाच्या शीर्षकाची पॅराग्राफ स्टाइल, म्हणजे पूर्ण परिच्छेदाला लागणारी सजावट, हाच रस्ता. स्टाइलमध्ये बुलेट्स अँड नंबरिंग उघडून लिस्ट टाइप नंबर्स करा. नंबर चौकटीत 'प्रकरण' हा शब्द लिहून त्यापुढे क्रमांकाची खूण आणि टॅब ठेवा. कॅरॅक्टर स्टाइलच्या जागी मघाची 'अंक' स्टाइल निवडा. ती 'प्रकरण' या शब्दालाही लागते, तेव्हा बदललेल्या फॉन्टमध्ये अक्षरंही असायला हवीत. नुसत्या अंकांचा फॉन्ट केला असेल तर शब्द डबे होऊन येतो.

यातली खरी गोम लिस्टमध्ये आहे. प्रकरणांची शीर्षकं वेगवेगळ्या, एकमेकींना न जोडलेल्या फ्रेममध्ये असतील तर प्रत्येक शीर्षक १ च दाखवतं. बुलेटेड अँड नंबर्ड लिस्ट्समधून डिफाइन लिस्ट्समध्ये जा, 'प्रकरणे' नावाची लिस्ट करा, कंटिन्यू नंबर्स अक्रॉस स्टोरीज वर खूण करा, आणि स्टाइलमध्ये 'डिफॉल्ट' ऐवजी ही लिस्ट निवडा. आकृत्या, तक्ते, नकाशे यांसाठीही अशीच प्रत्येकाची वेगळी लिस्ट हवी. सगळे एकाच लिस्टवर ठेवले तर आकृती १, तक्ता २, आकृती ३ अशी सरमिसळ होते.

१.१, १.२, २.१ असे उपक्रमांक?

शीर्षकाला पातळी १, उपशीर्षकाला पातळी २, दोन्हीला लिस्ट एकच. उपशीर्षकाच्या नंबर चौकटीत बाजूच्या बाणातून इन्सर्ट नंबर प्लेसहोल्डर उघडून आधी लेव्हल १, मग टिंब, मग करंट लेव्हल घाला. रीस्टार्ट नंबर्स ॲट धिस लेव्हल आफ्टर वरची खूण काढू नका. तिच्यामुळेच दुसऱ्या प्रकरणात २.१ पासून मोजणी सुरू होते.

(अ), (ब), (क), (ड) अशी यादी हवी आहे.

यादीत नाही. पण मघाच्या बदललेल्या फॉन्टमध्ये इंग्रजी छोट्या ए, बी, सी, डी च्या जागी अ, ब, क, ड ची चित्रं बसवली तर फॉरमॅट इंग्रजी अक्षरांचा निवडून हे जमतं. (अ), (आ), (इ), (ई) हवं असेल तर चित्रं तशी बसवा. शासकीय नियमावली, संस्थांच्या घटना, कायद्याची पुस्तकं लावणाऱ्यांनी हा खटाटोप एकदा करावाच. कलमं घातली-काढली जातात आणि हाताने केलेली क्रमवारी तिथे टिकत नाही. कधीतरी चार मुद्द्यांची यादी येणाऱ्या ललित पुस्तकासाठी मात्र हाताने टाइप केलेलं ठीक आहे.

जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टवर हे करू नका. तिथे ए, बी, सी च्या जागी कळफलकाप्रमाणे भलतीच अक्षरं असतात.

प्रत्येक धड्याच्या शेवटी स्वाध्यायाचे प्रश्न १ पासून हवेत, पण मागच्या धड्यापासून पुढे मोजतात.

पहिल्या प्रश्नावर उजवी टिचकी मारून रीस्टार्ट नंबरिंग निवडता येतं, पण दर धड्याला ते करणं म्हणजे पुन्हा हातकामच. त्यापेक्षा 'स्वाध्याय' या मथळ्याला त्याच लिस्टची पातळी १ द्या, नंबर चौकट रिकामी ठेवा, म्हणजे क्रमांक दिसणार नाही, आणि प्रश्नांना पातळी २ द्या. मथळा आला की प्रश्न आपोआप १ पासून सुरू होतात.

लेखकाची वर्डची फाइल आणली तर क्रमांक दोनदा आले: '१. 1.' असे.

लेखकाने १ हाताने टाइप केला आणि वर्डनेही आपला घातला. प्लेस करताना शो इम्पोर्ट ऑप्शन्स चालू ठेवा. तिथे बुलेट आणि क्रमांक मजकुरात बदलण्याचा पर्याय आहे, तसंच वर्डची प्रत्येक स्टाइल तुमच्या कोणत्या स्टाइलला जोडायची हेही ठरवता येतं. माझं मत असं की वर्डचं क्रमांकन कधीच तसंच आत आणू नये. मजकूर आणा, क्रमांक काढा, आपल्या स्टाइलने पुन्हा पाडा.

जुनी पुस्तकं युनिकोडमध्ये आणली तर अंक अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी आले.

रूपांतर करणारी काही साधनं अंकांना हात लावत नाहीत. फाइंड-चेंजने शून्य ते नऊ असे दहा फेरे मारा आणि प्रत्येक फेरा क्वेरी म्हणून जपून ठेवा, पुढच्या पुस्तकाला उपयोगी पडेल. सरसकट बदलू मात्र नका. आयएसबीएन, ईमेल पत्ता, संकेतस्थळ, इंग्रजी संदर्भग्रंथांची सालं आणि पानं इंग्रजीतच राहायला हवीत. त्यांना आधी वेगळी कॅरॅक्टर स्टाइल लावून ठेवली की शोधातून वगळणं सोपं जातं.

वेलांटी अक्षराच्या मागे जाते, जोडाक्षरं फुटतात. क्रमांकनाशी याचा संबंध आहे का?

थेट नाही, पण 'क्रमांकाची स्टाइल लावली आणि शीर्षक बिघडलं' असं म्हणत लोक येतात. भारतीय लिपींसाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे ओळीत अक्षरं जुळवणारा भाग, लागतो. तो पॅराग्राफ स्टाइलच्या जस्टिफिकेशन भागात निवडायचा असतो. सीएस६ पासून, म्हणजे २०१२ पासून, भारतीय भाषांची ही सोय आहे. तुम्ही नवी स्टाइल 'नो पॅराग्राफ स्टाइल' वरून केली तर जुना कंपोझर परत येतो. म्हणून एक मूळ मराठी स्टाइल करा, तिच्यात कंपोझर आणि भाषा ठरवा, आणि बाकीच्या सगळ्या तिच्यावर आधारा. भाषा मराठी ठेवली तर ज्या फॉन्टांत सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे मिळतात. हिंदी वळणाचा ल पुस्तकभर बघवत नाही.

वरच्या ओझरत्या शीर्षकात प्रकरणाचं नाव आपोआप येईल का?

येईल. टेक्स्ट व्हेरिएबल्समध्ये रनिंग हेडर, पॅराग्राफ स्टाइल हा प्रकार निवडून प्रकरणाच्या शीर्षकाची स्टाइल द्या आणि तो मास्टरवर टाका. शीर्षक लांब असेल तर व्हेरिएबल दोन ओळींत मोडण्याऐवजी एकाच ओळीत दाबला जातो, अक्षरं चिरडल्यासारखी दिसतात. मराठी लेखकांना बारा शब्दांची शीर्षकं प्रिय असतात. अशा वेळी छोटं शीर्षक वेगळ्या स्टाइलमध्ये लिहून ठेवा आणि व्हेरिएबलला ती स्टाइल दाखवा.

तळटीपांचे क्रमांक प्रत्येक पानावर १ पासून हवेत.

डॉक्युमेंट फुटनोट ऑप्शन्समध्ये रीस्टार्ट नंबरिंग एव्हरी समोर पेज निवडा. संशोधनपर पुस्तकात मात्र प्रकरणागणिक सलग क्रमांक बरे. मजकुरात 'टीप १७ पाहा' म्हणायचं झालं तर पानागणिक मोजणीत ते जमत नाही.

मराठी अंकांसाठी तिथे दोन ठिकाणी काम आहे. मजकुरातल्या वरच्या आकड्याला कॅरॅक्टर स्टाइल तिथल्या तिथे देता येते. खालच्या टिपेतला आकडा मात्र टिपेच्या पॅराग्राफ स्टाइलप्रमाणे चालतो. त्यासाठी त्या स्टाइलमध्ये नेस्टेड स्टाइल घालून पहिल्या टॅबपर्यंत 'अंक' लावा. आकडा आणि टीप यांच्यामध्ये टॅब असतोच.

अनुक्रमणिकेत पान चुकीचं येतं.

बहुधा ती ताजी केलेली नसते. लेआउट मेन्यूतली टेबल ऑफ कंटेंट्स एकदा तयार झाली की ती स्थिर मजकूर असते. पानं सरकली तरी तिला कळत नाही. कर्सर तिच्यात ठेवून अपडेट टेबल ऑफ कंटेंट्स द्यावं लागतं. छपाईला जाण्याआधीचं शेवटचं काम हेच असावं. अपडेट केल्यावर हाताने केलेल्या सुधारणा पुसल्या जातात, म्हणून 'पाच', 'सात' सारखे अक्षरी पृष्ठांक सगळ्यात शेवटी.

नाव चुकलं असेल तर ते अनुक्रमणिकेत दुरुस्त करू नका, प्रकरणाच्या शीर्षकात करा. अनुक्रमणिकेच्या चौकटीत मोअर ऑप्शन्स उघडले की पृष्ठांकाला कॅरॅक्टर स्टाइल देता येते, आणि प्रकरणाचा क्रमांक धरून पूर्ण ओळ घ्यायची की क्रमांक वगळायचा हेही ठरवता येतं. एखादं प्रकरण अजिबातच येत नसेल तर त्याच्या शीर्षकाला स्टाइल लावलेलीच नाही, नुसतं ठळक आणि मोठं केलं आहे.

चारशे पानांचं पुस्तक एका फाइलमध्ये ठेवावं की तुकडे करावेत?

ललित, चित्रं नसलेलं पुस्तक एका फाइलमध्ये सुखाने राहतं. चित्रं खूप असतील किंवा दोघे-तिघे एकाच वेळी काम करणार असतील तर प्रकरणागणिक फाइली करून बुक पॅनेलमध्ये जोडा. तिथे बुक पेज नंबरिंग ऑप्शन्समध्ये कंटिन्यू ऑन नेक्स्ट ऑड पेज आणि इन्सर्ट ब्लँक पेज निवडलं की प्रत्येक प्रकरण उजव्या पानावर सुरू होतं आणि कोरी पानं आपोआप पडतात. क्रमांक पुढे चालायला हवे असतील तर कुठल्याही फाइलमध्ये स्टार्ट पेज नंबरिंग ॲट उरलेलं नसावं. एका फाइलमध्ये ते राहिलं की तिथून पुढचं सगळं पुस्तक चुकतं. याद्यांसाठी डिफाइन लिस्ट्समध्ये मागच्या फाइलपासून पुढे मोजण्याची वेगळी खूण आहे, ती विसरली जाते.

'पुढील मजकूर पान ८२ वर' ही ओळ आपोआप येते का?

दिवाळी अंक आणि साप्ताहिकं लावणाऱ्यांसाठी ही फार उपयोगी गोष्ट आहे आणि फार थोडे वापरतात. वेगळ्या छोट्या फ्रेममध्ये 'पुढील मजकूर पान' असं लिहून मार्कर्समधला नेक्स्ट पेज नंबर टाका. ही फ्रेम लेखाच्या फ्रेमला स्पर्श करणारी किंवा तिच्यावर आलेली हवी. मग लेखाची पुढची जोडलेली फ्रेम ज्या पानावर आहे त्याचा आकडा उमटतो. जाहिरात आली, लेख सरकला, तरी आकडा बरोबर राहतो. लेखाच्या उरलेल्या भागावर 'पान १४ वरून' साठी प्रीव्हियस पेज नंबर. दोन फ्रेम सरकताना एकमेकींपासून सुटू नयेत म्हणून त्यांचा ग्रुप करा.

पीडीएफ करताना '१ ते १६' लिहिलं तर पानांचा क्रम चुकीचा आहे असा इशारा येतो, किंवा भलतीच पानं निघतात.

सेक्शन केल्यावर पान १ दोन असू शकतात, म्हणून सॉफ्टवेअर गोंधळतं. आकड्याआधी अधिक चिन्ह लावा. अधिक १ म्हणजे फाइलमधलं प्रत्यक्ष पहिलं पान. नाहीतर प्रेफरन्सेसच्या जनरल भागात पेज नंबरिंग ॲब्सोल्यूट करून ठेवा. पेजेस पॅनेलमध्ये मग फाइलमधला खरा क्रम दिसतो. छापील पृष्ठांकावर त्याचा परिणाम होत नाही.

ओळींमधलं अंतर किती ठेवावं?

देवनागरीला वर रफार आणि मात्रा, खाली उकार आणि ऋकार. इंग्रजीच्या सवयीने १२ वर १४ पॉइंट ठेवलं तर ओळी एकमेकींना चिकटतात. १२ पॉइंटला १७ किंवा १८ ठेवून पाहा, पण फॉन्टागणिक हे बदलतं. जो आकडा ठरेल तोच बेसलाइन ग्रिडला (ओळी ज्यांवर बसतात त्या न छापल्या जाणाऱ्या रेषांना) द्या आणि मुख्य मजकुराची स्टाइल ग्रिडला बांधा. मग समोरासमोरच्या पानांच्या ओळी एका रेषेत येतात आणि पातळ कागदावर पाठची ओळ दोन ओळींच्या मधून डोकावत नाही. शीर्षकं ग्रिडला बांधायचा हट्ट नको.

पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अजून काम करतो. हे सगळं तिथे होईल?

पृष्ठांक होईल, बाकीचं फारसं नाही. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती ७.० ही २००१ ची. तिला युनिकोड कळत नाही, आणि तिथली क्रमांकनाची सोय परिच्छेदांपुढे आकडे चक्क टाइप करून ठेवते, मोजत राहत नाही. फुकट साधन हवं असेल तर स्क्रायबसच्या १.६ आवृत्तीत देवनागरी नीट बसते. पृष्ठांक आणि सेक्शन तिथेही मास्टरवरूनच चालतात, पण मोठ्या ग्रंथाची तळटीप-अनुक्रमणिका सांभाळायला ते अजून तोकडं पडतं. गणित किंवा संस्कृत उद्धरणांनी भरलेला प्रबंध असेल तर मी झीटेक ही आज्ञा लिहून पानं जुळवण्याची प्रणाली सुचवीन. त्याच्या पॉलिग्लॉसिया पॅकेजमध्ये मराठी आहे आणि देवनागरी अंकांची सोय मुळातच आहे, वरची फॉन्टची कसरत लागत नाही.

शेवटी पानं किती भरावीत, यात क्रमांकनाचा काय संबंध?

प्रेस फर्म्यात, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातल्यावर होणाऱ्या पानांच्या गठ्ठ्यात, मोजते. डेमी १/८, म्हणजे साधारण ५.५ बाय ८.५ इंचाच्या पुस्तकात फर्मा १६ पानांचा. १३ फर्मे म्हणजे २०८ पानं. तुमची फाइल २१० वर थांबली तर त्या दोन पानांसाठी आणखी कागद आणि प्लेट लागते. १६ ने भाग जात नसेल तर निदान ८ ने जाईल असं पाहा, अर्धा फर्मा चालतो.

हा हिशोब पृष्ठांकांवरून करू नका. आधीची 'एक' ते 'सोळा' पानं पृष्ठांकात धरलेली नसतात, त्यामुळे शेवटच्या पानावर १९४ छापलेलं असलं तरी फाइल २१० पानांची असते. ॲब्सोल्यूट मोजणी लावून पेजेस पॅनेलच्या तळाशी दिसणारा एकूण आकडा घ्या. दोन पानं कमी करायची असतील तर मजकूर आवळण्याआधी कोरी पानं आणि प्रकरणं उजवीकडेच सुरू करायचा नियम तपासा. बारा प्रकरणांच्या पुस्तकात तो नियम सोडला की चार-सहा पानं सहज निघतात, आणि लेखकाच्या एकाही शब्दाला धक्का लागत नाही.